अण्णांचा ट्रान्सफॉर्मर

कोल्हार म्हटलं की भगवती देवीचं मंदिर, प्रवरेचा पूल आणि नगर-मनमाड रोड. रेल्वे मात्र नाही. गाडी पकडायची तर श्रीरामपूरला जायचं, आणि तिथे स्टेशनच्या पाटीवर नाव 'बेलापूर'! पण आमच्या घरात रेल्वे आहे, पलंगाखालच्या फळीवर. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम 1998 साली सुरू झालं. तिथे अख्खं शहर धावतं, आमच्याकडे एक इंजिन आणि दोन डबे. नियम मात्र दोन्हीकडे ओहमचाच.

आमच्या अण्णांचं, म्हणजे आजोबांचं, मोटर रिवायंडिंगचं दुकान. उसाच्या मळ्यांतल्या जळालेल्या मोटरी भरण्यात आयुष्य गेलं. वडील लहान असताना त्यांच्या गाडीसाठी अण्णांनी 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर स्वतः भरला, पुढे रेक्टिफायर आणि रिओस्टॅट जोडला. मूठ फिरवली की गाडी गोगलगायीसारखी निघायची.

दिवाळीत आत्याने जर्मनीहून नवीन इंजिन आणलं. ते या पेटीवर हळू चालेचना! मूठ 'बंद'वर असेपर्यंत गप्प, पहिल्याच टिचकीला सुसाट. आतेभाऊ म्हणाला, "भंगारात टाका ती पेटी." अण्णा काही बोलले नाहीत. रात्री मला हळूच म्हणाले, "तू इलेक्ट्रिकलचा ना? खरं सांग, माझ्या कामात खोट आहे का रे?"

मित्रांनो, इतका अवघड प्रश्न मला कुठल्याच व्हायव्हात पडला नव्हता.

मीटर लावला. जुनं इंजिन अर्धा अँपिअर खायचं, नवीन जेमतेम 0.1. रिओस्टॅट 12 ओहमवर असेल तर जुन्याचे 6 व्होल्ट तो गिळतो, नव्याचे फक्त 1.2. म्हणजे जो जास्त खातो त्यालाच रिओस्टॅट आवरतो (आमच्या मेसच्या मॅनेजरसारखा!). खोट कामात नव्हती, इंजिनाची भूक बदलली होती. अण्णांना कागदावर गणित मांडून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि मान हलवली.

मग रिओस्टॅट काढला, ट्रान्सफॉर्मर ठेवला. वायरीचं रबर तडकलं होतं, ती बदलली. फ्यूज टाकला. मेगरने इन्सुलेशन तपासलं, चाळीस वर्षांपूर्वीचं वायंडिंग ठणठणीत! पुढे नवा ब्रिज, कपॅसिटर आणि एलएम 317. कपॅसिटरवर 12 चे साधारण साडेपंधरा होतात आणि इंजिन 12 चं, म्हणून आउटपुट तिथेच अडवलं. पॉटवर अण्णांचीच जुनी मूठ बसवली.

"तांबं माझंच ना?" अण्णांनी विचारलं.

"सगळं तुमचंच, अण्णा."

तेव्हा होस्टेलकरांनो, सुट्टीत घरी गेलात की माळ्यावर एखादी जुनी पेटी असेल, ती उघडून बघा. जोडण्याआधी मोजा. आणि फेकण्याआधीही मोजा.

– टी.ई. इलेक्ट्रिकल