माझ्याकडे तर होत नाही

गेल्या वर्षी आमच्या वाङ्मय मंडळाच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांची यादी संगणकावर करायचं ठरलं. मी कॉम्प्युटर सायन्सची, म्हणून प्रोग्राम लिहायचं काम माझ्याकडे आलं. साधाच होता. काळ्या पडद्यावर पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष टाइप करायचं आणि एंटर मारायचं, की सगळी यादी फाइलमध्ये नव्याने लिहिली जायची. काम संपलं की कंट्रोल-सी दाबायचं. प्रोग्राम यादी पुन्हा एकदा जतन करून बंद व्हायचा. मला त्याचा जरा अभिमानच होता.

नोंदी करायला बी.ए.ची एक ज्युनिअर बसायची. एक दिवस ती म्हणाली, "ताई, बंद करताना कधी कधी अडकतंय बघा. मग खिडकीच बंद करावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी खालची पुस्तकं गेलेली असतात."

मी माझ्या लॅपटॉपवर वीसेक वेळा करून पाहिलं. काही झालं नाही. "माझ्याकडे तर होत नाही. तूच काहीतरी चुकीचं दाबत असशील," मी म्हणाले. ती गप्प बसली. त्या दिवशी गेलेली चाळीस पुस्तकं तिनं परत टाइप केली. पुढच्या आठवड्यात तेच झालं, तेव्हा तिनं सरांना सांगितलं, "मला हे जमत नाही, दुसऱ्या कुणाला द्या."

तेव्हा कुठे मी लॅबमध्ये तिच्या शेजारी जाऊन बसले. शेवटची नोंद झाली. तिनं एंटर मारलं आणि त्याच दमात कंट्रोल-सी. पिशवी आधीच खांद्याला. "खानापूरची बस चुकते की," ती म्हणाली. मी मात्र एंटर मारून पडद्याकडे बघायचे आणि मग सावकाश कंट्रोल-सी दाबायचे. माझ्या चाचणीत सगळं होतं, फक्त तिची घाई नव्हती.

मग मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रोग्राम सुरू करायचा, एक नोंद द्यायची, काही मिलिसेकंद थांबायचं (किती, ते दरवेळी वेगळं) आणि कंट्रोल-सी जो सिग्नल पाठवतं तोच, 2 नंबरचा, पाठवायचा. पाच सेकंदांत बंद नाही झाला तर 'अडकला' अशी नोंद करून 9 नंबरचा सिग्नल द्यायचा. तो कुठल्याच प्रोग्रामला अडवता येत नाही. लॅबच्या जुन्या, हळू हार्डडिस्कच्या मशीनवर हे 500 वेळा चालवलं. 11 वेळा अडकला.

अडकलेल्या प्रोग्रामला डीबगर लावून पाहिलं, तर तो कुलपापाशी उभा होता. यादी लिहिताना मी फाइलला कुलूप लावत होते. त्याच क्षणी सिग्नल आला की लिहिणं अर्धवट राहायचं आणि सिग्नल हाताळणारं फंक्शन तेच कुलूप मागायचं. किल्ली ज्याच्याकडे, तोच थांबवलेला. मग कोण कुणासाठी उघडणार? आणि फाइल अर्धीच लिहिलेली, म्हणून खालची पुस्तकं गायब.

खात्री करायला कुलूप लावल्यावर मुद्दाम दोन सेकंदांचा थांबा घातला आणि त्यातच कंट्रोल-सी दाबलं. आता माझ्या लॅपटॉपवरही दरवेळी अडकू लागला. इतका आनंद मला प्रोग्राम चालल्यावरही झाला नव्हता!

दुरुस्ती त्यामानाने छोटी निघाली. सिग्नल आला की फक्त एक खूण करून ठेवायची. हातातलं लिहिणं पुरं झालं की मुख्य प्रोग्रामनं ती खूण बघून बंद व्हायचं. शिवाय यादी आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून, पूर्ण झाल्यावरच तिला जुनीच्या जागी ठेवायची. तो दोन सेकंदांचा थांबा तसाच ठेवून स्क्रिप्ट चालवली, थांबण्याची मुदत तेवढी वाढवली. एकदाही अडकला नाही. मग थांबा काढला.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणाले, "चूक माझी होती. तुझी नव्हती. सरांनाही सांगितलंय मी."

ती जरा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ताई, आता मी घाई केली तर चालेल?"