उधारीच्या वहीतले रिकामे रकाने

केनवड, 25 मार्च 2020, गुढीपाडवा
काल रात्री एकवीस दिवसांचा लॉकडाउन जाहीर झाला. मेडिकलला सूट आहे, म्हणून गुढी उभारून नेहमीच्या वेळी शटर वर केले. दुपारपर्यंत सॅनिटायझर संपले. रोजच्या गोळ्यांची गिऱ्हाइके मात्र फिरकली नाहीत.

14 एप्रिल
जयंती घराघरांतच झाली. लॉकडाउन 3 मेपर्यंत वाढला. निवांतपणी उधारीची वही चाळली, तर बीपीच्या गोळ्या नेणाऱ्या कितीतरी नावांपुढे या महिन्याचा रकाना कोरा. एसटी बंद, मजुरी बंद. वर एका काकांचा हिशेब असा, "घरातच तं बसलो हाओ, बीपी कायले वाढते?" अम्लोडिपिन सोडली की त्या दिवशी काहीच होत नाही. माणूस फसतो तो तिथेच.

30 एप्रिल
भाचा पुण्यात निवासी डॉक्टर आहे. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयसमूहात दोन आठवड्यांत पन्नाशीच्या आतल्या पाच जणांच्या मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, पाचही जण कोरोनाबाधित. परवाच ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आले म्हणाला. पाच रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही, हेही त्यानेच बजावले. टीव्हीवाल्यांना ते कोण सांगणार! दुसरीकडे दवाखान्यांत लकव्याचे रुग्णच कमी झालेत. "मामा, लकवा कमी नाही झाला. माणसं घरी बसलीत."

18 ऑगस्ट, पोळा
मिरवणूक नाही, बैल घरीच सजवायचे. साडेअकराच्या सुमारास कोपऱ्यावरच्या घरातला पोरगा धावत आला. "भाऊ, बुवाचं तोंड वाकडं झालं, बोलनं समजून नाई राह्यलं." वहीतल्या कोऱ्या रकान्यांपैकी एक याच बुवांचा.

मी विचारले, शेवटी धड केव्हा होते? घरात दहा माणसे, उत्तर एकाचेही नाही. कोणी म्हणे सकाळी, कोणी म्हणे आत्ताच. शेवटी नातीने सांगितले, बैल धुऊन आणले तेव्हा त्यांनी स्वतः झूल काढून दिली. म्हणजे साडेनऊ. ती वेळ चिठ्ठीवर लिहून पोराच्या खिशात घातली. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. 1995 च्या अमेरिकन चाचणीत ते तीन तासांच्या आत दिले होते. 2008 मध्ये युरोपातल्या चाचणीने मुदत साडेचार तासांवर नेली. आधी सीटी स्कॅन हवाच, कारण डोक्यात गुठळी नसून रक्तस्राव असेल तर तेच औषध जीव घेईल.

108 ची गाडी कोरोनाचे रुग्ण नेण्यात अडकलेली. शेजाऱ्याची बोलेरो काढेपर्यंत एक म्हातारी कबुतराचे रक्त चोळायला सांगून गेली. तिच्याशी वाद घालायलाही वेळ नव्हता. अकोल्याला दोन तास धरायचे.

19 ऑगस्ट
दवाखान्याच्या दारात आधी अँटिजेन, मग सीटीच्या रांगेत छातीचे स्कॅन पुढे. बुवांचा स्कॅन झाला तेव्हा पाच तास उलटले होते. गुठळीच होती. आता अ‍ॅस्पिरिन, बीपीची गोळी आणि व्यायाम. भाचा चिडला, पण दोष कोणावर टाकायचा तेही त्याला सांगता येईना. दारातल्या नर्सला आपल्याच पीपीई किटमध्ये घाम पुसता येत नव्हता, असे पोराने सांगितले.

26 फेब्रुवारी 2021
देगावच्या निवासी शाळेत 229 मुले बाधित निघाली. रिसोड तालुका हादरलाय. अशा वेळी गल्लीतल्या बारा वर्षांच्या मुलाला ताप आणि गुडघेदुखी. घराच्या दारासमोरून लोक जायचे बंद झाले. चाचणी निगेटिव्ह. पण हा मुलगा दोन-तीन वर्षांपासून दर हिवाळ्यात "वात" म्हणून दुखण्याच्या गोळ्यांवर आहे. भाच्याने फोनवर एवढेच विचारले, "डोळे पिवळे दिसतात का?" दिसतात.

5 एप्रिल
रिपोर्ट आला, सिकलसेल. आधी रक्ताचा थेंब द्रावणात टाकून गढूळपणा पाहिला, मग इलेक्ट्रोफोरेसिसने पक्के झाले. एवढ्याशा तपासणीला इतकी वर्षे लागली, आणि ती झाली कोरोनाच्या भीतीने!

मार्चअखेर दिल्लीत दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण मंजूर झाले. मुंबईचे केईएम त्यातल्या आठ केंद्रांपैकी एक. चांगलेच झाले. पण विदर्भात सिकलसेलला दुर्मिळ कोण म्हणेल? नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये इथल्या सिकलसेलवर लिहिले होते. आजार जुना, माहीतही, फक्त विचारायचे कोणाला सुचत नाही.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती घरच्यांना सांगताना जीभ अडखळली. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या पेशी मेंदूची वाट अडवतात, म्हणून या आजारात लहान मुलालाही लकवा होतो. डोक्याच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करून धोका आधी ओळखता येतो. अशा मुलांना नियमित रक्त दिले तर पहिला झटका बहुतांशी टळतो, हे 1998 च्या अमेरिकन चाचणीत दिसले. इकडे रक्तदान शिबिरे बंद, पेढ्यांत तुटवडा. आपल्याकडचा प्रकार अनेकदा सौम्य असतो, असा दिलासाही त्याने दिला.

आई म्हणाली, "लकवा तं म्हाताऱ्याले होते ना भाऊ?"

अकोल्याच्या डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया लिहून दिलेय. माझ्याकडे ते कधी नव्हते. स्टॉकिस्टला फोन केला. सकाळपासून रेमडेसिवीरशिवाय दुसरे नाव ऐकले नाही म्हणाला, तुमचे शुक्रवारी पाठवतो. मुलाच्या बहिणीची तपासणी अजून बाकी आहे.