पदकाची कड

साताऱ्याकडच्या किंवा कोकणातल्या एखाद्या गावात चावडीच्या भिंतीत बसवलेली जुनी संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर या गावातून किती पुरुष गेले आणि त्यांतले किती कामी आले, एवढेच तिच्यावर कोरलेले असते. नाव एकाचेही नसते. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकानेही तेच केले: अधिकाऱ्यांची नावे दगडावर आणि साध्या हिंदी शिपायांची नुसती संख्या. २०२१ मध्ये अशी स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने या भेदभावाबद्दल माफी मागितली. सरकारने माणसे मोजली, नावे घरांनी सांभाळली. म्हणूनच मला वाटते, लढाईवर गेलेल्या पणजोबांचा शोध आपल्याच घराच्या माळ्यावरून सुरू व्हावा. दप्तरखान्याची पाळी त्यानंतरची.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कधी त्या युद्धाचे पदक निघते. दर्शनी बाजू सगळ्यांची सारखीच. त्या एका माणसाचे जे काही आहे ते कडेवर असते. पदक उजेडात तिरपे धरले की बारीक ठसे वाचता येतात: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. नाव इंग्रजी अक्षरांत बसवताना कारकुनाच्या कानाने ऐकले तसे उतरले, म्हणून नावापेक्षा नंबर आणि पलटण यांवर अधिक भिस्त ठेवावी. पलटण कळली की वाट सापडते. समजा कडेवर १०३ किंवा ११० मराठा असा आकडा आहे. या दोन्ही पलटणी सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनच्या. तैग्रीसच्या काठी कुत येथे डिसेंबर १९१५ मध्ये हे सैन्य वेढ्यात सापडले. रसद संपत आली तेव्हा घोड्याचे मांस खायचे की उपाशी राहायचे, हा पेच हिंदी शिपायांपुढे होता, आणि कित्येकांनी उपास पत्करला. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. उन्हातून, वाळवंटातून त्यांना उत्तरेकडे चालवत नेले. ‘बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत’ या घरातल्या एका वाक्यामागे केवढा रस्ता असू शकतो, ते इथे दिसते.

यावर कोणी म्हणेल, पलटणीची हकिकत म्हणजे त्या माणसाची हकिकत नव्हे. आक्षेप खरा आहे. पणजोबा वेढ्याच्या आधीच आजारी पडून परतले असतील, किंवा नंतरच्या भरतीतून गेले असतील. पलटणीवरून त्यांच्या आयुष्याची फक्त हद्द कळते. आतली जागा शौर्यकथेने भरण्याचा अधिकार आपल्याला नाही. ‘गेले’ आणि ‘गेले असावेत’ या दोन क्रियापदांतले अंतर पाळले, तर मोकळी राहिलेली जागाही प्रामाणिक ठरते. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: इंग्रजांच्या साम्राज्यासाठी लढलेल्यांची आठवण कशाला? ते युद्ध आपले नव्हते, हे मलाही मान्य आहे. पण शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता, आणि घरची जमीन तुकड्यातुकड्यांची. त्या पगारासाठी घर सोडणाऱ्याला युद्ध का होते आहे हे कोणी विचारले नव्हते. त्याचा माग काढणे म्हणजे साम्राज्याला सलाम नव्हे. उलट साम्राज्याने त्याला आकड्यात जमा केले होते. साम्राज्यावरच्या रागापोटी आपणही त्याचे नाव टाकून दिले, तर साम्राज्याचेच उरलेले काम आपण पुरे करू.

महायुद्धाची सहसा दोन पदके मिळत, एक चांदीचे, एक काशाचे. चांदी अडीअडचणीला मोडता येते, आणि मोडली की कडेवरचा नंबरही वितळतो. तेव्हा घरात असे पदक असेल तर आज ते उजेडात धरा, कड वाचा, नंबर आणि पलटण वहीत उतरवून घ्या. आणि त्याखाली, घरातल्या सगळ्यात वृद्ध माणसाला विचारून, पणजोबांना घरात ज्या नावाने हाक मारत ते नाव लिहा.