बमरोलीहून सुरतेच्या किल्ल्यापर्यंत

सुरत म्हटले की मराठी माणसाला शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. खवय्यांना घारी आठवते, आणि आमच्या भगिनीवर्गाला साड्या. बमरोली मात्र कोणालाच आठवत नाही. वास्तविक त्या साड्यांचे कापड जेथे विणले जाते, अशा वस्त्यांपैकीच ती एक. उधना आणि पांडेसरा यांच्या शेजारी वसलेल्या या पूर्वीच्या खेड्यात आज यंत्रमागांची खाती दाटीवाटीने उभी आहेत, आणि त्यांचा खडखडाट दिवसा थांबत नाही की रात्री. येथे 'मास्तर' अशी हाक कानी आली की आम्ही सवयीने मागे वळतो, आणि दर वेळी फसतो. या वस्तीत मास्तर म्हणजे मागांची देखरेख करणारा जाणता कारागीर. शाळेतल्या मास्तराला येथे 'सर' म्हणतात, आणि त्याच्याकडे कोणाचे फारसे काम नसते.

तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने खानदेशची माणसे येथे उतरली, त्यालाही आता पिढ्या लोटल्या. शेजारी ओरिसातल्या गंजामची मंडळी, पलीकडे उत्तर प्रदेश आणि बिहार. आमच्या शाळेच्या हजेरीपटात चार प्रांतांची आडनावे एकाखाली एक येतात. त्यांतलाच आमचा एक जुना विद्यार्थी, वडील लूमवर, आई घरी टिकल्या लावण्याचे काम करणारी, सैन्यात भरती झाला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून तो दक्षिण सुदान देशात, नाईल नदीकाठच्या मलाकाल या गावी राहून आला होता. सुटीवर आला तेव्हा शाळेत भेटावयास आला, आणि चहा पिता पिता त्याने जो प्रश्न विचारला, त्यापायीच हा लेख लिहावा लागत आहे.

"सर, तिथे करार होतो, सह्या होतात, फोटो निघतात. सहा महिन्यांनी तेच लोक पुन्हा एकमेकांवर गोळ्या झाडतात. कागदात नेमकं कमी काय पडतं?"

आमचे शिक्षण मराठीचे, राज्यशास्त्राचे नव्हे. उत्तर सुचेना तेव्हा शिक्षक जे करतो तेच आम्ही केले. सहलीचा बेत आखला. येत्या रविवारी आपण सुरतेचा किल्ला पाहू, असे त्यास सांगितले.

वाचकांच्या सोयीसाठी त्याच्या त्या देशाविषयी थोडे सांगितले पाहिजे. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. अडीच वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, डिसेंबर २०१३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि पदावरून दूर केलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माशार यांच्या अनुयायांत यादवी पेटली. शेजारच्या देशांची 'इगाड' नावाची संघटना मध्ये पडली. तिच्या खटपटीने ऑगस्ट २०१५ मध्ये करार झाला. एप्रिल २०१६ मध्ये माशार आपले सैनिक घेऊन राजधानी जुबात परतले. एकाच शहरात दोन सेनापती, दोन सेना. जुलैत लढाई जुंपली आणि माशार यांना रानावनांतून पायी काँगोच्या हद्दीत पळावे लागले. पुन्हा बोलणी, पुन्हा शेजाऱ्यांच्या फेऱ्या, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अदिस अबाबा येथे दुसरा करार. त्या पाच वर्षांत युद्ध, उपासमार आणि रोगराई यांनी मिळून सुमारे चार लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आमच्या देशाचेही रक्त त्या मातीत सांडले आहे. एप्रिल २०१३ मध्ये, म्हणजे यादवी पेटण्याच्याही आधी, जोंग्लेई प्रांतात पाच भारतीय सैनिक शांतिसेनेच्या कामावर असता मारले गेले.

रविवारी सकाळी सिटी बस पकडून आम्ही चौकात उतरलो. तापीकाठचा हा किल्ला सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना कंटाळून खुदावंदखानाने बांधला. फार मोठा नाही. डोंगरी किल्ल्यांवर वाढलेल्या आमच्या डोळ्यांना तो एखाद्या ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या पहारेकऱ्यासारखा वाटतो. महाराज १६६४ मध्ये आले तेव्हा सुभेदार इनायतखान याच भिंतींआड दडून बसला होता. १७५९ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे पण किल्ल्या कंपनीच्या कमरेला, असा प्रकार सुरू झाला. महानगरपालिकेने अलीकडे त्याची चांगली डागडुजी केली असून आत संग्रहालय मांडले आहे. बुरुजावर वारा सुटला होता. तेथे बसून आम्ही आमच्या विद्यार्थ्याला दुसऱ्याच एका यादवीची हकीकत सांगितली.

१६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. त्याला शंभर वर्षे पुरी होण्याच्या सुमारास मराठी राज्याचे घर दुभंगले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि चुलते रघुनाथराव पेशवे बनले. (आमच्या मुलांना या सगळ्यातून 'ध चा मा' तेवढा पाठ असतो, आणि नेमका तोच भाग आख्यायिकेचा.) नाना फडणीस, सखारामबापू प्रभृती बारभाईंनी गंगाबाईंच्या उदरातील बाळाच्या नावाने कारभार हाती घेतला. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांच्या तान्ह्याला पेशवाईची वस्त्रे आली. इतक्या नाजूक तंतूवर एवढे मोठे राज्य तोलून धरलेले होते.

रघुनाथराव गुजरातेत आले. तेथेही त्यांचा पराभव झाला तेव्हा खंबायतेवरून भावनगर, आणि तेथून समुद्रमार्गे ते फेब्रुवारी १७७५ मध्ये याच सुरतेत उतरले. अटकेपर्यंत घोडी नेणारा हा पुरुष येथे इंग्रजांच्या दारात आश्रित होऊन उभा राहिला. मार्चमध्ये तह झाला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावयाची. राघोबांनी तिचा दरमहा दीड लाख खर्च सोसावयाचा, साष्टी आणि वसई तोडून द्यावयाची, सुरत-भडोचच्या महसुलातला वाटा द्यावयाचा, आणि हमी म्हणून सहा लाखांचे जडजवाहीर गहाण टाकावयाचे.

"म्हणजे भांडण मिटवायचा करार नव्हताच तो," विद्यार्थी म्हणाला. "भांडण चालू ठेवायचा होता."

आम्ही बरीच वर्षे इतिहासाचे तासही घेतले, पण सुरतेच्या तहाचे याहून नेमके वर्णन आमच्या तोंडून कधी निघाले नव्हते.

पुढचे आम्ही झपाट्याने सांगितले, कारण ऊन चढत होते. कलकत्त्याच्या इंग्रज सरकारने मुंबईकरांचा हा तह अमान्य केला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा नवा तह केला. राघोबांनी कोपरगावी जाऊन राहावे, दरमहा पंचवीस हजार घ्यावे, असे त्यात लिहिले होते. कागद चांगला होता. पण मुंबईकरांनी तो पाळला नाही आणि राघोबांनीही. आणि मोडणाऱ्याला जाब विचारील असा जामीन त्या कागदाला नव्हता. लढाई पुन्हा पेटली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची दाणादाण उडाली, राघोबा महादजी शिंद्यांच्या हाती आले, आणि त्याच वर्षी निसटून परत सुरतेला, इंग्रज सेनापती गॉडर्डच्या छावणीत! हे शहर जणू त्यांच्या राशीलाच बसले होते.

शेवटी सर्वांनाच थकवा आला. नाना फडणीसांनी हैदर अली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एका सूत्रात ओवण्याची खटपट केली होती. इंग्रज दोन आघाड्यांवर अडकले होते. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईला तह झाला. इंग्रजांनी राघोबांची पाठराखण सोडली. पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला मुलूख परत मिळाला, साष्टी मात्र गेली ती गेलीच. राघोबांना तेच पंचवीस हजार ठरले. कागदातली कलमे पुष्कळशी जुनीच होती. नवे एवढेच होते की या वेळी महादजी शिंदे दोन्ही पक्षांना जामीन राहिले.

"महादजी मग निःस्वार्थी होते का सर?"

मुळीच नव्हते. त्या व्यवहारात भडोच त्यांच्या पदरात पडले, आणि उत्तरेत हातपाय पसरण्यास मोकळीक मिळाली. पुण्यात नानांना त्यांचा वाढता तोरा खपत नव्हता. पण तह टिकण्यात महादजींचा स्वतःचा लाभ होता, आणि तो मोडणाऱ्याला चोप देण्याची ताकदही त्यांच्याजवळ होती. केवळ सज्जन मध्यस्थ असता तर आशीर्वाद देऊन निघून गेला असता.

येथे आम्हांस आमच्याच गल्लीतली गोष्ट आठवली, आणि इतिहासाच्या पंक्तीस ती बसविण्याचे धाडस वाचक क्षमा करोत. काही वर्षांपूर्वी हिशेबाच्या वादातून आमचे गणेश मंडळ फुटले. एका गटाने बाहेरच्या एका बड्या असामीला गाठले. मंडप आला, भोंगे आले, आणि फलकावर त्या असामीची छबी गणरायापेक्षा मोठी आली. आम्ही दोन्हीकडे जाऊन सलोख्यावर व्याख्याने दिली. दोन्हीकडे चहा उत्तम मिळाला, बाकी काही नाही. मिटविले ते खात्यातल्या एका उडिया मास्तरांनी. दोन्ही गटांची माणसे त्यांच्या मागांवर होती, आणि दिवसपाळी व रातपाळी यांच्या कुरबुरीत माल खराब निघू लागला होता. त्यांनी दोन्ही बाजूंना बसविले, हरलेल्या अध्यक्षांना विसर्जनाच्या आरतीचा मान ठरवून दिला, आणि बजावले की यापुढे जो गट आधी हात उगारील त्याला मागावर उभे करणार नाही. आजही मूर्ती दोन बसतात. मिरवणूक एक निघते.

विद्यार्थी हसला, पण लगेच गंभीर झाला. दक्षिण सुदानच्या दुसऱ्या कराराला जामीन होते ते शेजारचे सुदान आणि युगांडा. स्वार्थ दोघांनाही होता. दक्षिणेचे तेल सुदानमधून जाणाऱ्या नळांतून समुद्राला पोहोचते. युगांडाने तर यादवीत कीर यांच्या बाजूने फौजच उतरविली होती. म्हणजे महादजी एक सोडून दोन मिळाले होते. मग घोडे कोठे अडले?

ते त्यानेच सांगितले, कारण ते त्याने पाहिले होते. कराराप्रमाणे दोन्ही सेना एक व्हावयाच्या होत्या. प्रशिक्षणाच्या छावण्या उघडल्या, पण तेथे अन्नाचे हाल झाले आणि माणसे आपापल्या जुन्या सरदारांकडे परतली. मलाकालच्या छावणीत भीतीने आलेली कुटुंबे वर्षानुवर्षे ताडपत्रीखालीच राहिली. "सर, त्यांचं घर चालत जाण्याइतकं जवळ होतं. पण एकही माणूस म्हणाला नाही की करार झालाय, आता घरी जातो."

आणि जामिनांचे काय झाले? सुदानचे बशीर एप्रिल २०१९ मध्ये पदच्युत झाले. योगायोग पाहा, ज्या दिवशी ते पडले, त्याच दिवशी रोममध्ये वृद्ध पोप फ्रान्सिस यांनी कीर आणि माशार यांच्यापुढे गुडघे टेकून त्यांच्या पायांचे चुंबन घेतले आणि शांततेची याचना केली. फेब्रुवारी २०२० मध्ये संयुक्त सरकार झालेही. परंतु एप्रिल २०२३ मध्ये खुद्द सुदानमध्येच यादवी पेटली; ज्याने जामीन राहावयाचे, त्याचेच घर जळू लागले. निवडणुका पुढे ढकलल्या, त्या डिसेंबर २०२६ वर गेल्या. मार्च २०२५ मध्ये माशार जुबात स्थानबद्ध झाले आणि सप्टेंबरात त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. युगांडाच्या फौजा पुन्हा आल्या, पुन्हा एकाच बाजूने.

आम्ही बुरुजावरून तापीकडे पाहत बसलो. आमच्या मनात राघोबांचे कोपरगाव घोळत होते. हरलेल्या माणसाला राजधानीपासून दूर नदीकाठी एक घर, खर्चाची ददात नाही आणि जिवाला धोका नाही, ही तरतूद पुरंदरच्या कागदातही होती आणि सालबाईच्याही. पहिल्या वेळी त्यांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. दुसऱ्या वेळी ते गेले, आणि डिसेंबर १७८३ मध्ये तेथेच वारले. माशार यांना मात्र दर वेळी प्रतिस्पर्ध्याच्याच अंगणात पद दिले गेले. त्या तहाने मराठे आणि इंग्रज यांच्यात वीस वर्षे युद्ध झाले नाही. त्या वीस वर्षांत महादजी गेले, सवाई माधवराव गेले, नाना गेले. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह करून त्यांची फौज घरात घेणारा दुसरा बाजीराव हा राघोबांचाच पुत्र. सुरतेच्या तहावर बापाने सही केली तेव्हा तो धारच्या किल्ल्यात दोन महिन्यांचा पाळण्यात होता.

"म्हणजे वीस वर्षांनी का होईना, मोडलंच," तो म्हणाला.

"मोडले," आम्ही म्हणालो. "पण त्या वीस वर्षांत जन्मलेली मुले वीस वर्षांची झाली की रे."

त्यावर तो काही बोलला नाही. मलाकालच्या ताडपत्रीखालची मुले त्याच्या डोळ्यांपुढे असावीत. परतीच्या बसमध्ये गर्दी होती. त्याने आम्हांस जागा मिळवून दिली आणि स्वतः उभा राहिला. उधना मागे पडल्यावर वाकून विचारले, "सर, कोपरगाव शिर्डीच्या वाटेवरच ना? आईला शिर्डीला न्यायचं आहे. राघोबांचा वाडा बघून येतो."

आम्ही उत्तर दिले, पण तोवर बस बमरोलीत शिरली होती, आणि मागांच्या खडखडाटात ते त्याला ऐकू आले की नाही कोण जाणे.