अजून नाही

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. तो कंपायलरवर काम करतो. म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या आज्ञांत उतरवणाऱ्या साधनावर. मराठी शिकवणाऱ्या मला त्यातले भाषांतर तेवढे ओळखीचे वाटले. त्याने एक छोटा प्रोग्रॅम दाखवला. कोट्यवधी आकड्यांवर एकच क्रिया पुन्हा पुन्हा करायची, आणि वर एक सूचना: हे काम वाटून करा. उत्तर अचूक आले. वेळ मात्र एकट्याने केल्याइतकाच लागला. आठ कोअरपैकी एकच राबत होता. त्या कंपायलरने सूचना वाचली होती, तिचे व्याकरण तपासले होते आणि अर्थ तेवढा सोडून दिला होता.

"मग हे चाचणीत कसे निभावले?"

"मावशी, चाचणी फक्त उत्तर तपासत होती."

अशा समांतर कामाच्या सूचनांचे ओपनएमपी नावाचे प्रमाण आहे. १९९७ साली ते फोर्ट्रानसाठी आले, १९९८ मध्ये सी आणि सी प्लस प्लससाठी. २०१८ मध्ये त्याची ५.० ही आवृत्ती आली. पण प्रमाण कागदावर आले म्हणजे ते कंपायलरला येऊ लागले असे नव्हे. एकेक कलम मागाहून, माणसे मिळतील तसे, उतरत जाते. शिवाय यातल्या पुष्कळशा सूचना वगळल्या तरी प्रोग्रॅम सावकाश चालून बरोबर उत्तर देतो. उलट, वाटणी खरोखर झाली आणि सगळ्यांनी एकाच बेरजेत एकाच वेळी हात घातला, तर शंभरदा बरोबर आलेले उत्तर पुढच्या खेपेस चुकू शकते. म्हणून चाचणीने उत्तराइतकेच हेही विचारावे लागते, की काम किती जणांनी केले आणि कसे.

क्लँग या कंपायलरच्या दस्तऐवजात याचा कलमवार तक्ता आहे: काय पूर्ण, काय चालू, काय कुणी हातीच घेतलेले नाही. फोर्ट्रानसाठीचा फ्लँग तर न येणारी सूचना भेटली, की अनेकदा 'अजून केलेले नाही' असे सांगून सरळ थांबतो. मला हा थांबा फार सभ्य वाटला.

कारण दर मार्चमध्ये मी 'अभ्यासक्रम पूर्ण' या रकान्यात 'होय' लिहून सही करते. गेल्या वर्षी बोलींवरचे शेवटचे प्रकरण मी दोन तासांत टिपणे सांगून उरकले होते. मुलांनी तीच टिपणे परीक्षेत उतरवली, मी गुण दिले, निकाल उत्तम लागला. पुढे त्यांतलीच एक मुलगी एम.ए.च्या वर्गात आली. तिच्या घरची बोली प्रमाण मराठीहून कुठे वेगळी होते, एवढे तिला सांगता येईना. चूक तिची नव्हती. उत्तर बरोबर होते. काम झालेच नव्हते.

यंदा त्या रकान्यात मी लिहिले: 'शेवटचे प्रकरण अजून नाही.' कार्यालयातून कागद परत आला आहे. तिथे फक्त 'होय' चालते म्हणे. असो. कागद टेबलावर आहे, आणि उद्यापासून सकाळी साडेसातला जादा तास ठेवला आहे.