जोलिएट येथील माझे व्यवस्थापनशिक्षण

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींत मुलांच्या अथवा सुनांच्या शिक्षणाचा विषय निघाला, की विद्यापीठांची नावे मोठ्या अभिमानाने घेतली जातात. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे शब्द मात्र आवाज उतरवूनच उच्चारले जातात. ज्यास अन्यत्र प्रवेश मिळत नाही त्याची ती सोय, असा ग्रह पक्का होऊन बसला आहे. मुले शाळेत जाऊ लागल्यावर अशाच एका महाविद्यालयात मी व्यवसाय-व्यवस्थापनाचा अभ्यास केला आणि आज माझी उपजीविका त्याच शिक्षणावर चालते. त्यामुळे या ग्रहाविषयी चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

शिकागोच्या नैर्ऋत्येस सुमारे 65 किलोमीटरांवर वसलेले जोलिएट हे गाव एके काळी चुनखडीच्या दगडासाठी आणि पोलादासाठी ख्यात होते. आज लोहमार्ग आणि महामार्ग यांच्या सान्निध्यामुळे त्याच्या भोवताली मैलोगणती गोदामे पसरली आहेत. येथील हायस्कूलचे अधीक्षक जे. स्टॅन्ली ब्राऊन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या पुढाकाराने 1901 मध्ये अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी जोलिएट ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. ज्यांना घरदार सोडून दूर जाणे शक्य नाही, त्यांना उच्च शिक्षणाची पहिली दोन वर्षे गावातच पुरी करता यावीत, हा त्यामागील हेतू होता. त्या देशातील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत ते सर्वांत जुने. भोवतालच्या रहिवाशांच्या मालमत्ताकरातून त्याच्या खर्चाचा एक वाटा निघतो, आणि म्हणून त्यांना शुल्कही कमी पडते.

सांगलीच्या माझ्या बी. ए.चे दाखले, त्यांची तपासणी, इंग्रजी व गणिताची चाचणी हे सोपस्कार यथाक्रम उरकले आणि मी सायंकाळच्या वर्गात जाऊन बसले. माझ्या शेजारी गोदामातली पाळी संपवून तसाच आलेला मेक्सिकन तरुण असे. पुढच्या बाकावर सैन्यातून निवृत्त झालेले, माझ्याहून वयाने मोठे गृहस्थ असत. नोकरी, संसार आणि अभ्यास ही तिन्ही ओझी एकाच वेळी वाहणारी ही माणसे व्यवस्थापनाचा विचार पुस्तकापूर्वीच अनुभवातून करीत आलेली होती, आणि त्या वर्गाचे खरे तेज त्यातच होते, असे माझे मत आहे.

जमाखर्चाच्या तासाची एक सायंकाळ मला विशेष स्मरते. माझे वडील सांगलीस हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. त्यांची कीर्द आणि खतावणी बालपणापासून पाहिल्यामुळे नावे-जमेचा व्यवहार मला परका नव्हता. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर उदाहरण मांडले: दुकानदाराने 10 डॉलर दराने 100 पेट्या घेतल्या, पुढे भाव चढल्यावर 12 डॉलर दराने आणखी 100 घेतल्या, आणि त्यांतील 100 पेट्या 15 डॉलर दराने विकल्या, तर नफा किती? जुना माल आधी विकला गेला असे धरले तर 500 डॉलर. नवा माल आधी गेला असे धरले तर 300. हे ऐकताच तो मेक्सिकन तरुण उठून म्हणाला, “बाई, आम्ही तर नेहमी जुनाच माल आधी बाहेर काढतो, मग 300 आले कोठून?” बाईंनी खडू खाली ठेवला आणि फार शांतपणे सांगितले, की पेटी गोदामातून कोणत्या क्रमाने हलते हा एक प्रश्न आणि तिची किंमत वहीत कोणत्या क्रमाने खर्ची पडते हा निराळाच प्रश्न, दुसऱ्या रीतीने नफा कमी दिसतो, म्हणून करही कमी बसतो, आणि अमेरिकेचा कायदा ही रीत चालवून घेतो. त्यावर वर्गात जी चर्चा झाली, तिची योग्यता मोठमोठ्या व्याख्यानांस येणार नाही. ज्याच्या हातांनी पेट्या उचलल्या होत्या, त्याला त्या सायंकाळी ताळेबंद वाचण्याची दृष्टी आली.

शिकागोजवळच्या सिसेरो येथील हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून 1932 पर्यंत चाललेले प्रयोगही आम्ही अभ्यासले. कामगारांची आस्थेने दखल घेतली की उत्पादन वाढते, हा त्यांचा निष्कर्ष पुढील संशोधकांनी पुष्कळ वादग्रस्त ठरविला. पण तो वाद ऐकावा तर कामगारांच्याच मुखातून.

सर्वच अनुकूल होते असे नव्हे. पुस्तकांच्या किमती जाचक होत्या, आणि पाळी बदलली एवढ्याच कारणाने सत्राच्या मध्यावर वर्ग सोडून गेलेल्या बुद्धिमान सहाध्यायांची हळहळ मला अद्याप वाटते. पदवी हाती आल्यावर एका मालवाहतूक कंपनीच्या दप्तरात मला हिशेबाचे काम मिळाले, आणि कालांतराने खरेदीची जबाबदारीही आली.

आपल्या घरातील कोणी या मार्गाचा विचार करीत असेल, तर त्यास कमी लेखू नये. पुढे विद्यापीठात जाण्याचा मानस असल्यास मात्र प्रथम सत्रापूर्वीच महाविद्यालयाच्या सल्लागारास भेटावे, आणि कोणत्या विषयाचे क्रेडिट कोणत्या विद्यापीठात ग्राह्य धरले जाईल, हे लेखी मागून घ्यावे.