हे काय वय आहे?

आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर इंतकालची बातमी आली की खाली पहिला प्रश्न येतो, "उम्र क्या थी?" उत्तर 70-75 असेल तर लोक दुआ लिहून पुढे जातात. 38 किंवा 42 असेल तर ग्रुप थोडा वेळ गप्प होतो. मग कुणीतरी लिहितं, "ये क्या जाने की उम्र थी?"

हे वाक्य मी कब्रस्तानात अनेकदा ऐकलंय. पण ते सगळ्यात धोकादायक ठरतं माणूस जिवंत असताना, छाती धरून बसलेला असताना. "तुला कसला हार्ट अटॅक? हे काय वय आहे? गॅस झाला असेल."

माझ्या मेव्हण्याचंच सांगतो. वय 37, मोबाईल दुरुस्तीचं दुकान. इशाच्या नमाजनंतर जेवला आणि तासाभरात डाव्या खांद्यात, पाठीत जडपणा सुरू झाला. अंगाला घाम सुटला. घरात ओवा, काळं मीठ दिलं गेलं. मग जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे ईसीजी न काढताच अॅसिडिटीचं इंजेक्शन मिळालं आणि वर तेच वाक्य, "इस उम्र में दिल का क्या होता है?" फजरपर्यंत तो कुशीवर कूस बदलत राहिला. जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत सात-आठ तास गेले होते. अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह. पण डॉक्टरांनी समजावलं की नस उघडता येते, मेलेला स्नायू परत आणता येत नाही. आज तो एक जिना चढला की मध्येच थांबतो. सहा वर्षांची मुलगी म्हणते, "अब्बू, मी हळू चालू का?"

वयाचा हा भरवसा येतो कुठून? म्हाताऱ्या माणसाची नस वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होते, चालताना धाप लागते, शरीर आधी इशारा देतं. तरुणांमध्ये अनेकदा नसेतला चरबीचा थर फार मोठा नसतो, पण तो अचानक फुटतो. त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट एकदम बंद होते. कालपर्यंत क्रिकेट खेळणारा माणूस म्हणून आज कोसळतो. कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार व्यायामासाठी ओळखला जायचा. ऑक्टोबर 2021 मध्ये तो गेला तेव्हा 46 वर्षांचा होता.

आपल्याकडे तर हे वय आणखी अलीकडे आहे. 52 देशांत झालेला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो, असं त्यातून दिसलं. कारणं ओळखीचीच होती: तंबाखू, रक्तदाब, साखर, वाईट कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, मनावरचा ताण. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो हे माझ्या नववीच्या मुलांनाही माहीत आहे.

कोरोनानंतर सगळा दोष लसीवर टाकण्याची सवय लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध केला. लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. घरात आधी कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणं, कोरोनामुळे रुग्णालयात राहावं लागलेलं असणं, भरमसाट दारू, अचानक केलेली अति मेहनत यांचा संबंध मात्र दिसला.

बायकांच्या बाबतीत तर आपण आणखी बेफिकीर. जबडा दुखतोय, मळमळतंय, दम लागतोय म्हटलं की "कामाचा थकवा" म्हणून विषय संपतो.

म्हणून माझी विनंती साधी आहे. छाती, खांदा, पाठ, जबडा यांत दाब किंवा जडपणा येऊन घाम फुटला, दम लागला आणि ते थांबत नसेल, तर वय विचारू नका. 108ला फोन करा, ईसीजी निघेल तिथे जा. पहिला ईसीजी कधीकधी नॉर्मल येतो. त्रास चालूच असेल तर पुन्हा काढायला आणि रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी करायला सांगा, संकोच करू नका. ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला 55च्या आत, आईला किंवा बहिणीला 65च्या आत हृदयविकार झाला असेल, त्यांनी तिशीपासूनच रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासत राहावं.

"मौत का वक़्त मुक़र्रर है" हे आपण मानतो, मीही मानतो. पण आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवणही आपल्याच घरातली आहे.

आमच्या मशिदीत जनाजा वर्षभर तयार असतो. कुणाला कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून जमातीने केलेली ती सोय आहे. रक्तदाब मोजायचं यंत्र दोनेक हजारांत मिळतं. ते त्याच्या शेजारी ठेवावं आणि जुम्म्याच्या नमाजनंतर तिशी-चाळिशीच्या पोरांना रांगेत बसवावं, असं मी जमातीला सुचवलंय. चर्चा चालू आहे. तुमच्या मोहल्ल्यात आमच्याआधी झालं तर मला जास्त आनंद होईल.